अध्ययन अक्षमता आणि शिक्षकांची दृष्टी : जपान व महाराष्ट्र
(डोंबिवली शहराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

तोंडी प्रश्नांची उत्तरे तत्परतेने देणारा, गोष्ट ऐकून ती जशीच्या तशी सांगणारा, परंतु फळ्यावरील चार ओळी वहीत उतरवताना अडखळणारा विद्यार्थी प्रत्येक शाळेत आढळतो. प्रगतिपुस्तकात अशा विद्यार्थ्याविषयी ठरावीक शेरे लिहिले जातात : 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही', 'लेखनाचा कंटाळा करतो', 'सराव वाढवावा'. या शेऱ्यांमागे शिक्षकाची तळमळ असते. परंतु मुलाची अडचण विशिष्ट अध्ययन अक्षमतेची असेल, तर 'सराव वाढवावा' हा सल्ला त्याच्या दृष्टीने शिक्षेसमान ठरतो. न जमणारी तीच कृती, त्याच पद्धतीने, अधिक वेळा करण्याचा तो आदेश असतो.

अध्ययन अक्षमता डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र वा चष्मा यांसारखी बाह्य खूण नाही. मूल लिहू-वाचू लागल्यानंतर शाळेत ती प्रथम प्रकट होते आणि तिची पहिली साक्षीदार शिक्षक हीच व्यक्ती असते. म्हणूनच शिक्षक या अक्षमतेकडे कसे पाहतात, हा प्रश्न मुलाला मदत मिळणार की नाही, हे ठरवणारा आहे. प्रस्तुत लेखात जपानमधील अनुभवाच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातील, आणि विशेषतः डोंबिवलीसारख्या शहरातील, परिस्थितीचा विचार केला आहे.

अध्ययन अक्षमता : संकल्पना

'लर्निंग डिसॅबिलिटी' ही संज्ञा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल कर्क यांनी १९६३ मध्ये प्रचारात आणली. बुद्धिमत्ता सर्वसाधारण वा त्याहून अधिक असूनही वाचन, लेखन अथवा गणन यांपैकी एका वा अधिक कौशल्यांत लक्षणीय व चिवट अडचण येणे, हे तिचे प्रमुख लक्षण होय. वाचनातील अक्षमतेस डिस्लेक्सिया, लेखनातील अक्षमतेस डिसग्राफिया आणि गणनातील अक्षमतेस डिसकॅल्क्युलिया असे म्हटले जाते. दृष्टिदोष, श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता, घरची गरिबी वा शिक्षणाचा अभाव ही या अडचणीची कारणे नसतात. तिचे मूळ मेंदूच्या भाषिक माहितीवर प्रक्रिया करण्याच्या पद्धतीत असते.

दोन बाबी येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिली, अध्ययन अक्षमता हा आजार नव्हे. ती औषधाने बरी होत नाही, परंतु योग्य अध्यापनाने मूल तिच्यावर मोठ्या प्रमाणात मात करू शकते. दुसरी, अभ्यासात मागे पडणारे प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसते. अनियमित उपस्थिती, घरची भाषा व शाळेची भाषा यांतील अंतर, कुपोषण, मानसिक ताण अशा अनेक कारणांनी मूल मागे पडते. हा भेद करता येणे, हीच शिक्षकाच्या दृष्टीची खरी कसोटी आहे.

जपानमधील अनुभव

जपानमध्ये दीर्घकाळ असा समज होता की, वाचन-अक्षमता ही इंग्रजीसारख्या अनियमित वर्णलेखन असणाऱ्या भाषांची समस्या असून जपानी मुलांत ती जवळजवळ नाही. या समजाला मोठा आधार मिळाला तो कियोशी माकिता यांच्या १९६८ मधील अभ्यासामुळे. त्यात वाचनात अडचण असणाऱ्या मुलांचे प्रमाण अवघे ०.९८ टक्के नोंदवले गेले होते. हा निष्कर्ष मुलांची प्रत्यक्ष चाचणी घेऊन काढलेला नव्हता. शिक्षकांना प्रश्नावली देऊन तो काढण्यात आला होता. म्हणजेच ०.९८ टक्के हा आकडा शिक्षकांना किती मुले तशी 'दिसली', याचा होता. पुढे १९८२ मध्ये हॅरॉल्ड स्टीव्हन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपान, तैवान व अमेरिका येथील मुलांच्या प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या. तेव्हा वाचनातील अडचणी तिन्ही ठिकाणी आढळल्या. जपानी मूल त्यास अपवाद नव्हते.

लिपीचा प्रभाव मात्र खरा आहे. जपानी लेखनात हिरागाना व काताकाना या ध्वनी आणि चिन्ह यांचा नियमित मेळ असणाऱ्या लिप्या आहेत, तर कांजी ही अर्थवाही चिन्हांची व्यवस्था आहे. प्राथमिक शाळेतच १०२६ कांजी शिकावी लागतात. उनो व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाचनातील अडचणीचे प्रमाण हिरागानात ०.२ टक्के, काताकानात १.४ टक्के, तर कांजीत ६.९ टक्के आढळले. मुले तीच होती. लिपी बदलताच अडचण दृश्य वा अदृश्य झाली.

शासकीय पातळीवर जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९९९ मध्ये अध्ययन अक्षमतेची व्याख्या निश्चित केली. ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे, गणन करणे आणि तर्क करणे यांपैकी विशिष्ट क्षमतांतील अडचणींचा तीत समावेश आहे. २००२ मध्ये मंत्रालयाने सर्वसाधारण वर्गांतील मुलांविषयी सर्वेक्षण केले. वर्गशिक्षकांच्या उत्तरांनुसार ६.३ टक्के मुलांना अध्ययनात वा वर्तनात लक्षणीय अडचणी होत्या, आणि त्यांपैकी अध्ययनातील अडचणी असणारी मुले एकूण संख्येच्या ४.५ टक्के होती. २०१२ मध्ये एकूण प्रमाण ६.५ टक्के, तर २०२२ मध्ये प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांत ८.८ टक्के नोंदवले गेले. हे आकडे वैद्यकीय निदानाचे नसून शिक्षकांच्या निरीक्षणाचे आहेत, हे मंत्रालयाने स्पष्ट केले होते.

१९६८ मधील सुमारे एक टक्का आणि २००२ मधील साडेचार टक्के या दोन्ही आकड्यांचा स्रोत शिक्षकच आहेत. दोन्ही वेळच्या प्रश्नावल्या व निकष भिन्न असल्याने त्यांची काटेकोर तुलना करता येणार नाही. तरीही जपानी मुलांचे मेंदू चौतीस वर्षांत बदलले असे कोणी म्हणणार नाही. जी गोष्ट पाहण्यासाठी शब्द, निकष व प्रशिक्षण उपलब्ध होते, ती शिक्षकांना दिसू लागली, हेच अधिक सयुक्तिक स्पष्टीकरण होय.

या बदलाला कायद्याची जोड मिळाली. २००४ मध्ये विकासात्मक अक्षमता असणाऱ्या व्यक्तींच्या साहाय्यासाठी कायदा संमत होऊन तो २००५ पासून अंमलात आला. सर्वसाधारण वर्गात राहून आठवड्यातील काही तास स्वतंत्र मार्गदर्शन घेण्याची योजना १९९३ पासून होती. २००६ मध्ये तिचा लाभ अध्ययन अक्षम मुलांनाही देण्यात आला. एप्रिल २००७ पासून विशेष साहाय्य शिक्षणाची व्यवस्था लागू झाली. प्रत्येक शाळेत अंतर्गत समिती आणि शिक्षकांमधूनच नेमलेला समन्वयक हे तिचे दोन आधारस्तंभ आहेत. या व्यवस्थेत वैद्यकीय निदान ही मदतीची अनिवार्य पूर्वअट मानली जात नाही.

तथापि जपानचे चित्र सर्वस्वी उजळ आहे असे नाही. २०२२ च्या सर्वेक्षणात शिक्षकांनी अडचणीत असल्याचे नोंदवलेल्या मुलांपैकी सुमारे २८.७ टक्के मुलांनाच शाळेच्या समितीने विशेष साहाय्यास पात्र मानले होते. शिक्षकाला दिसणे आणि संस्थेने दखल घेणे, यांत तेथेही अंतर आहे. शिवाय चिकाटी व परिश्रम यांना तेथील शालेय संस्कृतीत असणारे उच्च स्थान अनेकदा मुलाच्या विरोधात जाते. अपयश म्हणजे प्रयत्नांची उणीव, हा निष्कर्ष सहज काढला जातो. 'घोकंपट्टी केलीस तर येईल' असे सांगणाऱ्या आपल्या शालेय परंपरेस ही वृत्ती अपरिचित नाही.

महाराष्ट्रातील वाटचाल

या क्षेत्रात महाराष्ट्राने देशात तुलनेने लवकर पाऊल उचलले. १९९६ मध्ये राज्य शासनाने डिस्लेक्सिया असणाऱ्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती मान्य केल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, तिसऱ्या भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी कनिष्ठ स्तराचे गणित व कार्यानुभवाचा विषय अशा सवलतींचा त्यात समावेश होत गेला. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनची स्थापना झाली. शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालयातील अध्ययन अक्षमता केंद्राने निदान, प्रमाणपत्र व संशोधन या तिन्ही बाबतींत महत्त्वाचे कार्य केले.

राष्ट्रीय पातळीवर मात्र मान्यता विलंबाने मिळाली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. २००७ च्या अखेरीस प्रदर्शित झालेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने 'डिस्लेक्सिया' हा शब्द घरोघरी पोहोचवला, परंतु कायद्याने ती अक्षमता मान्य होण्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यावा लागला. त्यातील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. या अधिनियमाच्या कलम १६ नुसार अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापनशास्त्रीय उपाय योजणे, हे शैक्षणिक संस्थांचे दायित्व आहे. २०१८ मध्ये केंद्राने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत इयत्ता तिसरी वा वयाची आठ वर्षे या टप्प्यावर शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करावी आणि मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शाळेत समिती असावी, अशी तरतूद होती. २०२२ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'प्रशस्त' ही शिक्षकांनी वापरावयाची पडताळणी सूची उपलब्ध करून दिली.

जपान व महाराष्ट्र यांच्या वाटचालीतील एक मूलभूत भेद येथे लक्षात घ्यावा लागेल. जपानमध्ये सुरुवात वर्गातील साहाय्यापासून झाली. महाराष्ट्रात ती परीक्षेतील सवलतीपासून झाली. सवलत प्रमाणपत्रावर अवलंबून असल्याने अध्ययन अक्षमतेचा विचार शाळेत इयत्ता नववी-दहावीच्या सुमारास, अर्ज भरण्याच्या हंगामात होऊ लागला. ज्या वयात उपचारात्मक अध्यापन सर्वाधिक परिणामकारक ठरते, ते पहिली ते चौथीचे वय तोवर मागे पडलेले असते.

मराठी लेखनव्यवस्था आणि शिक्षकाचे निरीक्षण

देवनागरी ही ध्वनी व चिन्ह यांचा बराच नियमित मेळ असणारी लिपी असल्याने मराठी मुलांत वाचन-अक्षमता नसावी, असा समज आपल्याकडेही आढळतो. जपानी समजासारखाच तोही अपुरा आहे. नियमित लिपीत वाचन-अक्षमता चुकांपेक्षा संथपणाच्या रूपाने अधिक प्रकट होते. मूल अक्षर-अक्षर जुळवून अचूक वाचते, पण वाक्याच्या अखेरीस पोहोचेपर्यंत आरंभ विसरलेले असते. केवळ चुका मोजणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टीतून असे मूल सुटते.

देवनागरीची स्वतःची काठिण्यस्थळेही आहेत. 'विकास' या शब्दात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, परंतु तिचा उच्चार नंतर होतो. 'क्रम', 'कार्य', 'राष्ट्र' आणि 'ऱ्हास' या चार शब्दांत 'र' चार निरनिराळ्या रूपांत येतो. 'घ' व 'ध', 'भ' व 'म', 'ष' व 'प' या जोड्या दृश्यतः निकट आहेत. 'चाक' व 'चंद्र' यांत एकच अक्षर दोन उच्चारांचे आहे. जोडाक्षरांची संख्या मोठी आहे आणि ती प्रामुख्याने इयत्ता दुसरीनंतर वेगाने वाढते.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न तर अधिक गुंतागुंतीचा आहे. मराठी उच्चारात हा भेद बहुधा स्पष्ट नसल्याने सुशिक्षित प्रौढांच्याही चुका होतात. परिणामी, अध्ययन अक्षम मुलाच्या चुका सर्वांच्या चुकांत झाकल्या जातात. येथे शिक्षकाने चुकांची संख्या न पाहता त्यांचे स्वरूप पाहणे आवश्यक ठरते. 'कवि' की 'कवी' हा संभ्रम नियमाच्या अज्ञानाचा आहे. मात्र काना-मात्रा वारंवार गळणे, अक्षरांचा क्रम उलटणे, शब्दातील मधले अक्षर नाहीसे होणे आणि एकच शब्द एकाच पानावर तीन प्रकारे लिहिला जाणे, ही ध्वनी व चिन्ह यांची सांगड न बसल्याची लक्षणे आहेत. अशा चुका सहा महिन्यांच्या अध्यापनानंतरही टिकून राहत असतील, तर त्यांची नोंद घेतली पाहिजे.

गणनाबाबतही भाषेचा विचार महत्त्वाचा आहे. जपानीत २१ ही संख्या 'दोन-दहा-एक' अशा अर्थाने, लिहिण्याच्या क्रमानेच उच्चारली जाते. मराठीत ४५ लिहिताना आधी चार येतो, 'पंचेचाळीस' म्हणताना आधी पाच, तर ४९ साठी 'एकोणपन्नास' म्हणजे पन्नासला एक कमी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' यांसारखी रूपे दिल्यावर मोठा वाद झाला. त्या वादात भाषेच्या अस्मितेची चर्चा पुष्कळ झाली, परंतु संख्यानामांच्या उलट क्रमाने अडखळणाऱ्या मुलांचा विचार तुलनेने थोडा झाला.

इंग्रजीचा प्रश्न वेगळा आहे. वायडेल व बटरवर्थ यांनी १९९९ मध्ये नोंदवलेल्या एका प्रकरणात इंग्रजी व जपानी या दोन्ही भाषा जाणणारा एक मुलगा इंग्रजी वाचनात अक्षम, परंतु जपानी वाचनात सामान्य होता. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. मराठीत कसेबसे निभावणारे मूल इंग्रजीत पूर्णतः कोलमडते, तेव्हा 'इंग्रजी कच्चे आहे' एवढ्यावर विषय संपतो. उलटपक्षी, इंग्रजी माध्यमातील मुलाची अडचण घरी ती भाषा नसल्यामुळे आहे की अक्षमतेमुळे, हे एकाच भाषेतील चाचणीवरून ठरवता येत नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेल्या 'डाली' या चाचणीसंचाचे महत्त्व येथेच आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संचात हिंदी, कन्नड व इंग्रजी यांबरोबर मराठीचाही समावेश असून पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शिक्षकांना वापरता येतील अशी चाळणी साधने त्यात आहेत.

शिक्षकांच्या दृष्टीचे प्रकार

उपरोक्त विवेचनाच्या आधारे शालेय कर्मचाऱ्यांच्या दृष्टीचे ढोबळमानाने पाच प्रकार सांगता येतील.

१. नैतिक दृष्टी : अडचणीचे कारण आळस वा बेशिस्त मानले जाते. उपाय म्हणून शिक्षा वा अधिक गृहपाठ दिला जातो.

२. बौद्धिक दृष्टी : मूल 'ढ' वा मंदबुद्धी समजले जाते. अपेक्षाच कमी केल्या जातात आणि मूल मागच्या बाकावर स्थिरावते.

३. वैद्यकीय दृष्टी : अक्षमता मान्य असते, परंतु ते डॉक्टरांचे वा समुपदेशकाचे काम मानले जाते. पालकांना रुग्णालयात पाठवले की शाळेची जबाबदारी संपते.

४. सवलतीची दृष्टी : प्रमाणपत्राकडे गुण वाढवण्याचे साधन म्हणून पाहिले जाते. यातून सवलत घेणाऱ्या मुलाविषयी इतरांच्या मनात संशयही निर्माण होतो.

५. शैक्षणिक दृष्टी : मुलाला शिकता येते, मात्र शिकवण्याची पद्धत बदलावी लागेल, असे मानले जाते.

पहिल्या दोन दृष्टी मुलाचे प्रत्यक्ष नुकसान करतात. तिसरी व चौथी मुलाला काही देतात, परंतु वाचायला शिकवत नाहीत. पाचवी दृष्टी सर्वांत कष्टाची आहे आणि केवळ सद्भावनेने ती साध्य होत नाही. मोठ्या पटाचे वर्ग, अशैक्षणिक कामे आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा दबाव असताना एका मुलासाठी वेगळी पद्धत अवलंबणे शिक्षकाला कठीण जाते, हे मान्य करावे लागेल. म्हणून शिक्षकांच्या दृष्टीचा प्रश्न केवळ त्यांच्या मानसिकतेचा नसून शाळेच्या रचनेचाही आहे.

डोंबिवलीचा संदर्भ

डोंबिवली हे शिक्षणाला मोल देणारे मध्यमवर्गीय शहर म्हणून ओळखले जाते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे नव्वदावे अधिवेशन २०१७ मध्ये येथेच भरले होते. जुन्या मराठी शाळा, इंग्रजी माध्यमाच्या शाळा, कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या शाळा आणि गल्लोगल्लीचे खाजगी क्लास अशी येथील शैक्षणिक रचना आहे. अक्षराला असे मूल्य असणाऱ्या शहरात अक्षराशी झगडणाऱ्या मुलाची अवस्था अधिक अवघड होते, कारण त्याचे अपयश हे कुटुंबाच्या प्रतिष्ठेचा विषय बनते.

शहराच्या दिनक्रमाचाही येथे संबंध येतो. अनेक कुटुंबांत आई-वडील दोघेही सकाळी लोकलने मुंबईकडे जातात आणि रात्री परततात. मुलाचा अभ्यास क्लासवर सोपवलेला असतो. क्लासमध्ये शाळेचीच पद्धत, अधिक वेगाने, पुन्हा राबवली जाते. त्यामुळे मुलाची अडचण शांतपणे पाहणारी व्यक्ती ना शाळेत असते, ना क्लासमध्ये, ना घरी. सार्वजनिक रुग्णालयातील तपासणीसाठी शीव वा मुंबईतील अन्य ठिकाणी जायचे, तर एकाहून अधिक फेऱ्या, रजा आणि रोजंदारीवरील पालकांच्या बाबतीत बुडालेली मजुरी, असा खर्च येतो. खाजगी तपासणी सर्वांना परवडत नाही. परिणामी प्रमाणपत्र कोणाला मिळते, हे अक्षमतेपेक्षा पालकांच्या माहितीवर व ऐपतीवर ठरण्याचा धोका संभवतो. महानगरपालिकेच्या शाळेतील मुलाबाबत हा धोका सर्वाधिक आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत अनुत्तीर्ण न करण्याच्या धोरणामुळे अनेक मुलांची अडचण नववीपर्यंत नोंदलीच गेली नाही. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद पुन्हा केली. आता अडचण लवकर उघड होईल. परंतु ती ओळखणारी दृष्टी नसेल, तर तिची परिणती केवळ लवकर नापास होण्यात होईल.

महाविद्यालयांची भूमिका

हा विषय शालेय आहे, असे मानून महाविद्यालयांना अलिप्त राहता येणार नाही. अध्ययन अक्षमता दहावीनंतर नाहीशी होत नाही. सवलत घेऊन उत्तीर्ण झालेला विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयात व पुढे पदवी वर्गात येतो. अधिनियमाच्या कलम १७ मधील जादा वेळ व लेखनिकासारख्या तरतुदींची माहिती परीक्षा विभागापुरती मर्यादित न राहता प्रत्येक प्राध्यापकास असणे इष्ट आहे. व्याख्यानाची टिपणे आधी उपलब्ध करून देणे, वर्गात अनपेक्षितपणे मोठ्याने वाचावयास न सांगणे, आशय व शुद्धलेखन यांचे मूल्यमापन वेगवेगळे करणे, तोंडी सादरीकरणास स्थान देणे, या गोष्टींना स्वतंत्र निधी लागत नाही.

दुसरी भूमिका शिक्षक घडवण्याची आहे. २०१४ च्या नियमावलीनुसार दोन वर्षांच्या झालेल्या बी. एड. अभ्यासक्रमात समावेशक शिक्षणाचा विषय आला. मात्र व्याख्या पाठ करणे आणि मुलाची वही समोर ठेवून चुकांचे विश्लेषण करणे, यांत फार अंतर आहे. मराठी, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन परिसरातील शाळांसाठी अशा विश्लेषणाच्या कार्यशाळा घेतल्यास ते अंतर कमी होऊ शकेल. मराठी भाषेतील वाचनदोषांचे स्वरूप हा संशोधनाचाही मोठा विषय असून त्यासाठीची सामग्री प्रत्येक शाळेच्या वह्यांत उपलब्ध आहे.

समारोप

जपानच्या अनुभवावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. शिक्षकांना योग्य संज्ञा, निकष व प्रशिक्षण दिल्यास पूर्वी न दिसणारी मुले दिसू लागतात. आणि मुले दिसू लागली तरी शाळेने त्यांच्यासाठी रचना उभी केल्याखेरीज त्यांना मदत मिळत नाही. महाराष्ट्राकडे कायदा आहे, मराठीतील चाळणी साधन आहे आणि सवलतींची तीन दशकांची परंपरा आहे. उणीव आहे ती सवलतीकडून अध्यापनाकडे आणि दहावीकडून दुसरी-तिसरीकडे वळण्याची. प्रगतिपुस्तकावर 'लक्ष देत नाही' असे लिहिण्यापूर्वी मुलाचे लक्ष नेमके कोठे अडते, हे त्याच्या वहीत पाहण्याची सवय लागली, तर त्या बदलाचा आरंभ कोणत्याही शासननिर्णयाची प्रतीक्षा न करता करता येईल.